डागांचा शिक्का

नंदेसरीसारख्या रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीत राहणाऱ्या आम्हां मंडळींस डाग म्हणजे धुऊन काढावयाची वस्तू, एवढेच ठाऊक. पॅरिसमध्ये मात्र १९५० नंतर ‘ताश’, म्हणजे डाग, या शब्दावरून ‘ताशिझम’ हा चित्रसंप्रदाय नावारूपास आला. त्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती तोच शिक्का वासुदेव गायतोंडे यांच्या कपाळी मारण्यास.

त्या संप्रदायाची मिरास उत्स्फूर्ततेची. जॉर्ज मातिए याने १९५६ मध्ये पॅरिसच्या नाट्यगृहात सुमारे २,००० प्रेक्षकांसमोर १२ मीटर लांबीचा पट रंगविला. गायतोंड्यांची रीत याच्या नेमकी उलटी. १९२४ मध्ये नागपुरास जन्मलेला, गोमंतकीय कुळातला, १९४८ मध्ये जे. जे. कलाशाळेची पदविका घेतलेला हा चित्रकार वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करी. रोलरने व सुरीने रंग चढवावा, खरवडावा, थांबावे, पुन्हा पाहावे! ‘अमूर्त’ हे विशेषणही त्यांस नको होते. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत. या धीम्या साधनेस उत्स्फूर्त म्हणावयाचे, तर शब्दांस अर्थ उरला कोठे?

कोणी म्हणेल, पाश्चात्त्यांचे ऋण तरी मान्य करा. अवश्य! पाउल क्ले यांचा प्रभाव उघड आहे. झेन विचाराची ओढही होती. परंतु ऋण निराळे आणि नक्कल निराळी. शिवाय खुद्द पॅरिसमध्ये हान्स हार्टुंग आपली ‘उत्स्फूर्त’ चित्रे लहान रेखाटनांवरून चौकटी आखून मोठी करीत असे. म्हणजे ज्या मापाने आमच्या माणसास मोजावयाचे, ते माप त्यांच्या घरीही पुरते खरे नाही.

या शिक्क्याचा खरा तोटा प्रेक्षकाचा आहे. ‘हे फ्रेंचांचे अनुकरण’ एवढे म्हटले, की चित्रापुढे उभे राहण्याचे कारणच संपते. मग अकोल्याचे अंबादास असोत, की लाकडाची फळी ज्वालेने जाळून चित्र घडविणारे बडोद्याचे जेराम पटेल असोत, सर्वांची एकाच वाक्यात वासलात! बडोद्यास ललितकलेचे विद्यापीठीय शिक्षण १९५० पासून आहे. नारायण श्रीधर बेंद्रे यांनी तेथे पिढी घडविली. नंदेसरीहून ती वाट काही कोसांचीच. मराठी व कोंकणी वाचकांनी आपल्या माणसाचे चित्र प्रथम डोळ्यांनी पाहावे; नाव ठेवावयाचेच असेल, तर मागाहून ठेवावे.