‘तडीपार’ आपला नव्हता का?

तडीपार हा शब्द मला आठवड्याला एकदा तरी टाईप करावा लागतो. पोलिसांची प्रेसनोट येते. सराईत, वय अमुक, राहणार तमुक, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 55, 56 नाहीतर 57, अमुक जिल्ह्यांतून तडीपार. जास्तीत जास्त दोन वर्षं. चार ओळींची बातमी, फोटो नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये आपलं मीरा-भाईंदर वसई-विरार पोलीस आयुक्तालय झालं, त्याआधी ठाणे ग्रामीण होतं. प्रेसनोटवरचं वरचं नाव बदललं, आतला शब्द तोच.

त्याच 2020 मध्ये या शब्दाच्या नावाचा एक अल्बम आला. एमसी स्टॅनचा ‘तडीपार’. पहिलाच अल्बम.

पोस्ट मोठी आहे आणि रॅपवर आहे, त्यामुळे बरीच काका मंडळी इथूनच वर सरकतील. खरं तर त्यांच्यासाठीच लिहितोय.

निमित्त सांगतो. बेव्हर्ली पार्कातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर परवा तक्रार पडली. संध्याकाळी चार-पाच पोरं कट्ट्यावर स्पीकर लावून बसतात, मोबाईलवर बीट वाजवून त्यावर काहीतरी बडबडतात. एकाने लिहिलं, ‘सगळे एमसी स्टॅन झालेत, पोलिसांना कळवा.’ खाली अकरा अंगठे. आवाजाची तक्रार असेल तर रास्त आहे, दहानंतर स्पीकर बंद झालाच पाहिजे. पण ‘एमसी स्टॅन’ ही शिवी कधी झाली? ज्यांनी अंगठे दिले त्यांच्यापैकी किती जणांनी त्याचं एक तरी गाणं पूर्ण ऐकलंय?

मी अल्बम पूर्ण ऐकलाय, दोनदा. आधी जे आवडलं नाही ते सांगून मोकळा होतो. शिव्या भरपूर. बायकांबद्दलचं बोलणं बऱ्याच ठिकाणी हिणकस. पोरगी म्हणजे धोका देणारी, यापलीकडे फारसं काही नाही. पैसा आणि गळ्यातल्या साखळ्यांचा माज आहे. माझ्या मुलीने हे हेडफोन लावून ऐकावं असं मला वाटत नाही. ऐकतेच म्हणा.

पण त्याखाली जे आहे ते खोटं नाही. पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेला अल्ताफ नावाचा पोरगा. आधी कव्वाली गायचा. विशीच्या आसपास घरबसल्या स्वतः बीट बनवून त्यावर स्वतःच गातो. शहराने ज्याला काठावर ठेवलंय, त्याने आपल्या अल्बमला नाव काय दिलं, तर तडीपार. तड म्हणजे काठ. नदीच्या त्या काठापलीकडे ढकललेला. हा शब्द कुठल्या इंग्रजी रॅपमधून उचललेला नाही, तो आपल्या पोलीस ठाण्यातला आहे. वस्तीत तो घरोघर माहीत असतो. कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी मामा झालेला असतो. बाकी भारतात हा शब्द ऐकणाऱ्या कित्येक पोरांना त्याचा अर्थ त्या अल्बममुळे कळला असेल.

आता आवाजाचं. 2019 मध्ये ‘गली बॉय’ आला आणि रॅप म्हणजे मुंबई, असं ठरून गेलं. डिव्हाइनचा पहिला अल्बम ‘कोहिनूर’ही त्याच वर्षीचा. न्यूयॉर्कच्या नासच्या कंपनीने भारतात पाय ठेवला तो डिव्हाइनला घेऊन. मुंबईचा गली रॅप न्यूयॉर्ककडे बघून शिकला: शब्द ठणठणीत, मुद्दा स्पष्ट, आवाज छातीतून. स्टॅनने तोंड फिरवलं अमेरिकेच्या दक्षिणेकडे, अटलांटाकडे. तिथला ट्रॅप म्हणजे खाली जड घरघरता बेस, वर ऑटोट्यूनमधून चिरका होऊन येणारा गळा, शब्द अर्धे गिळलेले. काकांना ते ‘बडबड’ वाटतं ते यामुळे. मला विचाराल तर ‘एक दिन प्यार’सारख्या गाण्यात तोच गिळलेला आवाज जास्त दुखरा लागतो, आणि तिथे कव्वालीची सवय कानाला कळते.

त्या दक्षिणेचंही असंच झालं होतं. 1994 साली अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीचा पहिला अल्बम आला. नाव एका श्वासात म्हणता येत नाही, ‘सदर्नप्लेयलिस्टिकॅडिलॅकम्यूझिक’. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या नासचा पहिला अल्बम आला होता, जाणकारांच्या नजरा तिकडे. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्येच एका पुरस्कार सोहळ्यात आउटकास्टला नव्या ग्रुपचं बक्षीस मिळालं तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली. आंद्रेने स्टेजवरून सुनावलं की दक्षिणेलाही काही सांगायचंय. आज अमेरिकेच्या रॅपचा मोठा भाग अटलांटाच्या चालीवर चालतो. राजधानीला वाटतं भाषा आपली, बाकीचे गावंढळ. मुंबई-पुण्यातही तेच, आणि मुंबई विरुद्ध दहिसर चेकनाक्यापलीकडचे आपण, यातही तेच. लोकलमध्ये ‘मीरा रोडला राहतो’ म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा बघा एकदा.

आपल्याकडे ‘तडीपार’चं स्वागत कसं झालं? पोरांनी त्याला मोबाईलवर डोक्यावर घेतलं, लाखो वेळा ऐकलं. मराठीत मात्र या अल्बमचं छापील परीक्षण माझ्या वाचनात आलं नाही. सिनेमातल्या फालतू गाण्यावर आपण पाव पान लिहितो. इथे पुण्याचा पोरगा, महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यातला शब्द, देशभर श्रोते, आणि आपल्याकडे चिडीचूप.

मग 12 फेब्रुवारी 2023 आला. ‘बिग बॉस’चा सोळावा सीझन स्टॅनने जिंकला. सगळीकडे ‘पुण्याचा पोरगा जिंकला’. पण त्याच रात्री आपल्या ग्रुपांवर दुसराही सूर होता: ‘मराठी माणूस हरला.’ कारण दुसऱ्या नंबरवर अमरावतीचा शिव ठाकरे. शिव मला आवडतो, तो जिंकला असता तरी आनंदच होता. पण शेवटच्या दोघांत एक अमरावतीचा, एक पुण्याचा. दोघेही महाराष्ट्राचे. त्यातला एकच मराठी कसा ठरला? आडनावावरून? धर्मावरून? घरात बोलतात त्या हिंदीवरून? ती हिंदी तरी कुठली, दिल्लीची थोडीच आहे! दखनी वळणाची, राडा आणि भावा यांच्याशिवाय पुढे न सरकणारी. इथल्या मातीशिवाय ती कुठेच बोलली जात नाही.

2025 चा जुलै आपण सगळ्यांनी मीरा रोडला पाहिलाय. मिठाईवाल्याला मारलेली थप्पड, व्यापाऱ्यांचा मोर्चा, मग परवानगी नाकारलेला आणि तरीही निघालेला मराठीचा मोर्चा. महाराष्ट्रात राहून मराठीची टर उडवणाऱ्याबद्दल मला सहानुभूती नाही. पण मारून शिकवलेल्या भाषेत कोणी गाणं लिहित नाही. बेव्हर्ली पार्कातली ती चार-पाच पोरं बघा. माझ्या माहितीप्रमाणे एक गुजराती घरातला, एक उत्तर प्रदेशातला, दोघं आपले कोकणातले. त्यांच्या बडबडीत मराठी आपोआप येतं, कारण कट्ट्यावर टोमणा मारायला त्याच्याइतकी धारदार भाषा त्यांना दुसरी सापडत नाही. मराठीचा हा फुकटात होणारा प्रसार, आणि त्यावर आपण पोलीस बोलावणार.

बरं, शुद्ध मराठीत रॅप करणाऱ्यांचं आपण काय केलं? स्टॅन जिंकला त्यानंतर दोनच महिन्यांत, एप्रिल 2023 मध्ये, राज मुंगासेवर राजकीय गाण्यासाठी गुन्हा दाखल झाला, तोही आपल्याच ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथला. उमेश खाडेवर वडाळ्यात. मराठीत बोलले, सरळ बोलले, लोकांच्या मनातलं बोलले. तेव्हा भाषेसाठी कोणाचा मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. म्हणजे हिंदी मिसळली तर परका आणि मराठीत गायलं तर आरोपी. पोरांनी करायचं काय?

तडीपारीच्या नोटिसा खऱ्या असतात हे मला कोणी सांगायची गरज नाही, दहशतीने ज्यांची दुकानं बंद झाली त्यांच्या बातम्याही मीच करतो. पण सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2022 मध्ये जालन्याच्या एका प्रकरणात सांगितलंय की तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, सरसकट वापरायचा नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तर आपण रोज कोणाला ना कोणाला करत असतो.

माझं मागणं छोटं आहे. काशिमीऱ्याला लता मंगेशकर नाट्यगृह आहे, महापालिकेचं. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला तिथे एक तास शहरातल्या रॅप करणाऱ्या पोरापोरींना द्या. अट एकच, अर्धं तरी मराठीत हवं आणि आईवर शिवी नको. या वॉर्डाचे जे इच्छुक ही पोस्ट वाचतायत (वाचता, मला माहितीये) त्यांनी अर्ज द्यावा, सही मी करतो. आणि ग्रुपवरच्या त्या अकरा अंगठ्यांना विनंती, पोलिसांना फोन लावण्याआधी एकदा खाली उतरून कट्ट्यावर बसा. साडेसातला येतात पोरं.