बदलूनच टाका!

"वहिनी, याच्यात आता काही राहिलं नाही. बदलूनच टाका."

आमच्या गॅरेजसमोर उभं राहून त्या माणसाने हा निकाल दिला, तेव्हा त्याने शटरला हातसुद्धा लावला नव्हता. गाडीतून उतरला, लांबूनच बघितलं, टेपने रुंदी मोजली, मोबाइलवर दोन फोटो काढले. संध्याकाळी आकडा आला. मोटरवर चालणारं नवं शटर, दोन रिमोट, मजुरी, सगळं धरून ₹48,000. खाली एक ओळ होती : जुनं शटर आम्ही काढून नेऊ, त्याचे पैसे लावणार नाही.

मी दुकानदाराच्या घरात तीस वर्षं काढली आहेत. ज्या वस्तूत काही राहिलं नाही ती वस्तू माणूस फुकट उचलून का नेईल, हा प्रश्न मला पडायलाच हवा होता. नऊ फूट रुंदीचं लोखंडी शटर. भंगारात ते किलोवर जातं. म्हणजे 'काही राहिलं नाही' हे माझ्यासाठी, त्याच्यासाठी बरंच काही राहिलं होतं.

घरात मात्र सगळे तयार होते. हे म्हणाले, "कटकट एकदाची संपेल." मुलाने पुण्याहून फोनवर रिमोटचं कौतुक केलं. मी म्हटलं, आठ दिवस द्या. त्याआधी ते मोडलंय कुठे एवढं तरी बघू.

आता शटर म्हणजे काय, हे मलाही तोवर नीट माहीत नव्हतं. रोज वर-खाली करत होते, पण कढईच्या बुडाकडे जसं कुणी बघत नाही तसं त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. बघितल्यावर कळलं की त्यात गूढ काही नाही. पत्र्याच्या लांब पट्ट्या एकमेकींच्या वळलेल्या कडांत अडकवलेल्या असतात. दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनेल, त्यातून त्या सरकतात. वर एक पाइप, त्यावर सगळं गुंडाळलं जातं आणि त्या पाइपमध्ये स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढलं की स्प्रिंग पिळली जाते, वर ढकलताना तीच आपल्याला हात देते. संपलं. यात न दिसणारं, न कळणारं काहीच नाही.

आमचं शटर अर्ध्यावर येऊन तिरकं व्हायचं आणि डावीकडे अडायचं. दोन्ही बाजूंनी सारखंच जड झालं असतं, हात सोडताच खाली आदळलं असतं, तर दोष स्प्रिंगेचा. एकाच बाजूला अडतंय म्हणजे दोष त्या बाजूच्या चॅनेलमध्ये नाहीतर पट्ट्यांमध्ये. एवढा विचार करायला इंजिनियर व्हावं लागत नाही. भाकरी एकाच बाजूला करपली तर आपण तवा बदलतो का?

डाव्या चॅनेलमध्ये बॅटरी मारली. आत खाणी जोरात होत्या त्या दिवसांपासूनची लाल धूळ पावसाच्या पाण्याने घट्ट होऊन बसलेली. तिच्यावर कुंभारणीचं मातीचं घर. आणि गुडघ्याच्या उंचीवर चॅनेल आत चेपलेलं. ते मुलाने गाडी शिकताना दिलेल्या धक्क्याचं होतं. त्याची कबुली त्याने पंधरा वर्षांनी फोनवर दिली. खालच्या तीन पट्ट्या मात्र खरोखर गेल्या होत्या. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, अंगणातलं पाणी उडून शटरच्या पायाशीच लागतं. वरच्या पट्ट्यांवर नुसता तांबेरा होता, बोट आत जात नव्हतं.

कुंभारणीच्या घराला भोक पडलेलं नव्हतं. म्हणजे आत जीव होता. मी थांबले. साधारण तीन आठवड्यांनी एका सकाळी त्यात दोन भोकं दिसली, मग ते घर काढलं. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. आमच्या घरात शटर उघडण्याआधी त्यावर दोनदा थाप मारायची पद्धत सासूबाईंनी घातली होती, गुंडाळीत पाल बसलेली असली तर निघून जावी म्हणून. जयणा म्हणतात ती हीच. रिमोटचं बटण घरातल्या सोफ्यावरून दाबलं की थाप कोण मारणार? हा प्रश्न त्या विक्रेत्याच्या कागदावर कुठेही नव्हता.

मग कामाला लागले. हॅक्सॉचं जुनं पातं, दातांचे टाकलेले ब्रश, तारेचा ब्रश. चॅनेल साफ करायला दोन दुपारी गेल्या. चॅनेलमध्ये ग्रीस भरायचं माझ्या मनात होतं, पण ग्रीसला धूळ चिकटते आणि मुंग्या-चिलटंही मरतात. त्याऐवजी साधी मेणबत्ती घासली. तांब्यासारखा लाल झालेला गंज खरवडला, पॉलिश पेपर मारला, रेड ऑक्साइडचा हात दिला, तो वाळल्यावर हिरवा रंग. हे सगळं वैशाखात केलं, कारण पावसाळी हवेत रंग धरत नाही.

एक गोष्ट मी केली नाही आणि कुणी करू नये. वरच्या स्प्रिंगेला मी हात लावला नाही. ती पिळलेली असते. चुकून सुटली तर हात मोडेल. आपल्या हाताने काय करायचं नाही हे कळणं, हा दुरुस्तीतला पहिला धडा. त्यासाठी आणि चेपलेल्या चॅनेलसाठी मिस्त्रीला बोलावलं.

तो साठीच्या पुढचा. एके काळी ट्रकांच्या हौद्यांचं वेल्डिंग करून त्याला मान वर करायला सवड नव्हती. 2012 मध्ये राज्यातल्या खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर परत थांबल्या. ट्रक उभे राहिले, तसं त्याचं कामही. त्याने शटरखाली बसून सगळं हाताने चाचपलं, मग म्हणाला, "बाय, आनीक धा वर्सां कांयच जावचें ना."

एका बाजूच्या चॅनेलचे बोल्ट सोडून त्याने कुजलेल्या तीन पट्ट्या आडव्या ओढून काढल्या. नव्या पट्ट्यांची वळण आमच्या जुन्या पट्ट्यांना बसेना. तेव्हा तो डिचोलीत भंगारवाल्याकडे गेला आणि कुणीतरी 'बदलूनच टाकलेल्या' शटरच्या पट्ट्या घेऊन आला. त्या चांगल्या धडधाकट होत्या. बरोबर बसल्या. चॅनेल ठोकून सरळ केलं, स्प्रिंगेला एक पीळ वाढवला. त्याची मजुरी, पट्ट्या, रंग, ब्रश, मेणबत्त्या धरून ₹3,140. शटर आता एका हाताने वर जातं.

एवढं झाल्यावर मी ही गोष्ट दोन-चार ठिकाणी सांगितली आणि मला चार शहाणपणाची उत्तरं मिळाली. हा लेख खरं तर त्या उत्तरांसाठी आहे.

पहिलं उत्तर : "पण तुमच्या वेळेची किंमत धरली का?" हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. तीस वर्षं मी पहाटे उठून पाणी उकळून गाळते, सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची जेवणं उरकते, पापड लाटते, उशांचे अभ्रे शिवते. त्या वेळेची किंमत आजवर कुणी विचारली नाही. जनगणनेच्या कागदावर माझ्या कामापुढे काय लिहिलं जातं ते प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. आणि मी दोन दुपारी शटर घासलं, तर एकदम माझा वेळ मौल्यवान! बायकांच्या वेळेला भाव येतो तो फक्त तिने खरेदी टाळली की. जेव्हा ती खरेदीसाठी चार दुकानं हिंडते, तेव्हा त्या वेळेचा हिशेब कुणी मागत नाही.

दुसरं उत्तर : "हल्ली दुरुस्त करणारे मिळतात कुठे?" बरोबर आहे, मिळत नाहीत. पण ते गेले कुठे? आपण बोलावलं नाही म्हणून गेले. कल्हईवाला गेला, गाद्या पिंजणारा गेला, छत्र्यांच्या काड्या बसवणारा मिरगाच्या आधी दारावर यायचा तो गेला. माझ्या मिस्त्रीने मुलाला हे काम शिकवलं नाही. "कोण बोलावतो?" म्हणाला. मुलगा रोज पणजीला नोकरीला जातो. स्प्रिंगेला किती पीळ द्यायचा हे त्या म्हाताऱ्या मनगटाला कळतं, पुस्तकात ते सापडणार नाही. तो गेला की खरंच शटर बदलण्यावाचून इलाज राहणार नाही, आणि तेव्हा आपण म्हणू, बघा, दुरुस्त होतच नाही.

तिसरं उत्तर घरातूनच आलं. हे म्हणाले, "सगळेच दुरुस्त करायला लागले तर दुकानदारांनी काय खायचं?" मी म्हटलं, स्प्रिंगा विका. पट्ट्या विका, बोल्ट विका, रंग विका. पूर्वी आपल्याच दुकानात स्टोव्हच्या पिना, वॉशर, कंदिलाच्या वाती आणि काचा सुट्या मिळायच्या, आणि सासऱ्यांनी त्यावर घर बांधलं. सुटा भाग विकणं बंद झालं ते गिऱ्हाइकाने मागितला नाही म्हणून नव्हे. आख्खी वस्तू विकण्यात नफा मोठा म्हणून. त्यावर हे काही बोलले नाहीत. माझ्या मते पटलं असावं.

चौथं उत्तर सगळ्यात टोचणारं : "जुनं ते जुनंच दिसणार. लोक काय म्हणतील, यांना परवडत नाही?" दुरुस्तीला आपण गरिबीची खूण करून टाकलं आहे. ठिगळ लावलेलं नेसायचं नाही, वाकळ पाहुण्यांसमोर काढायची नाही. यावर मला आमच्या गावातलंच दाखवायचं आहे.

नार्व्यात श्री सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. कदंब राजांचं हे दैवत मूळचं पलीकडे दिवाडीवर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ मोडलं, लिंग नदी ओलांडून इकडे आणलं गेलं. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेखच दारावर आहे. अलीकडे ते पुन्हा खचू लागलं, गळू लागलं, तेव्हा राज्याच्या पुरातत्त्व खात्याने ते सावरलं आणि 2023 मध्ये ते परत खुलं झालं. पाडून काँक्रीटचं नवं उभं करणं सोपं होतं. गोव्यातल्या कितीतरी गावांनी आपल्या जुन्या कौलारू देवळांचं तेच केलं. इथे जुन्यालाच सावरलं, आणि त्याला परवडत नाही असं कुणी म्हणालं नाही. आज लोक लांबून बघायला येतात ते जुनं आहे म्हणूनच. छत्रपतींच्या नावाने आपण छाती फुगवतो, तर त्यांनी इथे जे केलं त्या कामाचं नावही लक्षात ठेवावं. ते दुरुस्तीचंच काम होतं.

याच गावात जैनकोट आहे. जांभ्या दगडाच्या पडक्या भिंती, त्यावर रान. वेळच्या वेळी हात लागला नाही की काय होतं, ते तिथे उभं राहिलं की दिसतं. जीर्णोद्धाराचं पुण्य नवं मंदिर बांधण्याहून आठपट, असं आमच्यात म्हणतात. व्याख्यानात हे ऐकून माना डोलावतो आपण. पर्युषणात अपरिग्रहावर आठ दिवस ऐकतो, आणि दिवाळीला चालता मोबाइल टाकून नवा घेतो. देवळाच्या दाराला लागू असलेला नियम गॅरेजच्या दाराला का लागू नाही, हे मला कुणी समजावून सांगावं. लोखंड खाणीतून काढताना डोंगराचं काय होतं हे डिचोली तालुक्यात राहणाऱ्या माणसाला पुस्तकातून वाचावं लागत नाही. त्या डोंगरातले जीव कुणी मोजले? चाळीस किलो लोखंड वाचवणं ही माझ्या दृष्टीने दयाच आहे, भले ती प्रतिक्रमणात मोजली जात नसेल.

सरकारलाही हे थोडं उमगलं आहे. 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं, वाहनं ही चार क्षेत्रं त्यासाठी निवडली. चांगलं केलं. कंपन्यांनी सुटे भाग द्यावेत, माहिती द्यावी, हे मागायलाच हवं. पण हक्क मिळाला तरी तो वापरायला हात लागतात. शटरसाठी मला कुठल्या कंपनीची परवानगी लागली नव्हती. फक्त खाली बसून बघावं लागलं.

मी असं म्हणत नाही की काहीच कधी बदलू नये. त्या तीन पट्ट्या मीही बदलल्या. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या एकट्या म्हातारीने मोटर बसवली तर तिला मी कशाला नावं ठेवू? माझं भांडण आहे ते न बघता दिलेल्या निकालाशी. डॉक्टरने नाडी न बघता पाय कापायला सांगितला तर आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. वस्तूच्या बाबतीत मात्र विकणाऱ्याच्या तोंडून आलेला निकाल आपण शेवटचा मानतो.

म्हणून पुढच्या वेळी कुणी "बदलूनच टाका" म्हणाला, तर त्याला चहा द्या, बसवा आणि तीन प्रश्न विचारा. नेमकं काय मोडलंय, बोट ठेवून दाखवा. तेवढाच भाग सुटा मिळतो का? आणि जुनं तुम्ही फुकट का नेताय?

आमच्याकडे आलेला तो माणूस तिसऱ्या प्रश्नालाच उठला. चहा अर्धा राहिला.