आरसा आणि उजेड

तासगावचे आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी मुखकर्करोगाने गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ५७ होते. ग्रामस्वच्छतेचा ध्यास लावणाऱ्या या नेत्यासाठी सारा सांगली जिल्हा हळहळला. परंतु खिशांतील चंच्या व पुड्या काही गेल्या नाहीत. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. दोन पुड्या निरनिराळ्या घेऊन हातावर एक केल्या की ती संपते!

तथापि सरकारास दोष देऊन आमचे सुशिक्षित वाचक मोकळे होऊ पाहतील, तर ते आम्हांस मान्य नाही. घरातील मिश्रीचे काय? ती भाजलेली तंबाखूच; पण दिवसातून चार वेळा ती लावणाऱ्या आजीस कोणी व्यसनी म्हणत नाही, आणि म्हणूनच तिचे तोंडही कोणी पाहत नाही.

वास्तविक हा रोग पोटातल्या रोगासारखा दडून बसत नाही. गालाच्या आत पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तिखटाने होणारी आग, तोंड पुरते न उघडणे, मानेत गाठ: एवढे पाहण्यास आरसा व उजेड पुरे. दुखत नाही म्हणून लोक थांबतात; आरंभी ते बहुधा दुखत नाहीच. तुकडा काढून तपासल्याने रोग पसरतो, ही समजूतही निराधार आहे. शरद पवार यांच्यावर २००४ साली याच रोगासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दोन दशके ते सार्वजनिक जीवनात वावरले. कराड व मिरज येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. सातारा-सांगलीकरांस मुंबई गाठेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.