नट कोण, आरोपी कोण?

‘कोर्ट’ या सिनेमाला २०१४ सालचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्याआधी सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला दोन बक्षिसं मिळाली होती. पुढं भारतातर्फे त्याची ऑस्करला रवानगी झाली. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे तेव्हा अवघा सत्तावीस वर्षांचा. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे होतं. पण ज्या माणसाला पिंजऱ्यात उभं करून हा सिनेमा उभा राहिला, त्या वीरा साथीदारांच्या नावानं अभिनयाचं राष्ट्रीय बक्षीस काही निघालं नाही. एवढी वर्षं झाली तरी सिनेमावेड्या पोरांत हा वाद पेटतो, आणि दर वेळी आपलीच पोरं आपल्याच माणसाविरुद्ध साक्ष देतात. म्हणून हे संपादकीय.

ज्यांनी सिनेमा बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नारायण कांबळे हा मुंबईतला पासष्टीचा लोकशाहीर. वस्तीतल्या पोरांना शिकवतो, वस्तीत गातो. एक दिवस पोलीस त्याला चालू कार्यक्रमातून उचलतात. आरोप काय, तर वासुदेव पवार नावाचा गटार साफ करणारा कामगार मॅनहोलमध्ये मेला, आणि तो म्हणे कांबळेचं गाणं ऐकून मेला. कलम ३०६, आत्महत्येस प्रवृत्त करणं. आज भारतीय न्याय संहितेत त्याचा आकडा १०८ झाला आहे. आकडा बदलला, खाकीची सवय तीच राहिली.

आता वादातली तोंडं एकेक करून बघू.

पहिलं तोंड म्हणतं, “साथीदार ॲक्टिंग कुठं करतात? ते तर तसेच हायत.” वीरा साथीदार खरे चळवळीतले, नागपूरचे, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. म्हणून शाहिराचं काम त्यांना आपोआप जमलं, असा हा हिशेब. दोस्तहो, हा हिशेब नीट तपासा. पांढरपेशा घरातला नट पांढरपेशा डॉक्टर करतो, पांढरपेशा वकील करतो, तेव्हा कुणी म्हणतं का की हा तर तसाच आहे? तिथं त्याला सहजता म्हणतात, संयत अभिनय म्हणतात, पेपरात दोन कॉलम लिहितात. आमचा माणूस आमच्या माणसाचं काम करतो तेव्हा मात्र ती कला राहत नाही, तो त्याचा स्वभाव होतो!

गोदीत हे आम्ही रोज ऐकतो. क्रेनच्या हुकाला लोखंडाचं ओझं अडकवताना साखळी कुठं बसवायची, ओझं कुठल्या अंगाला झुकणार, हे नुसत्या डोळ्यानं मापावं लागतं. चुकलं तर खालचा माणूस चिरडतो. हे शिकायला वर्षं जातात. तरी मुकादम म्हणणार, “यात काय, अंगात ताकद पायजे फक्त.” आपल्या हातात आलं की कसबाची ताकद होते, कलेचा स्वभाव होतो. मग मजुरीही त्याच भावानं मिळते आणि मानही.

डोळे उघडे ठेवून ‘कोर्ट’ पुन्हा बघा. कॅमेरा लांब ठेवलेला आहे, तो हलत नाही. चेहरा जवळ आणून अश्रू दाखवायची सोय नाही, सांगीतिक हुंदके नाहीत. संभाजी भगतांनी बांधलेली गाणी आहेत, ती मंचावर आहेत. त्या मंचावरचा कांबळे सगळं अंग घेऊन गातो, हात आभाळात, आवाज वस्तीच्या टोकापर्यंत. तोच कांबळे कोर्टात आला की अंग आखडून घेतो. सरकारी वकील विचारते, असं गाणं लिहिलंत का? तो नाही म्हणतो. पण कधी लिहिणारच नाही असंही कबूल करत नाही. आवाज चढत नाही, डोळे खाली जात नाहीत. एका माणसाची ही दोन शरीरं साथीदारांनी उभी केली. खुर्ची फेकली असती, संवाद फोडला असता, तर शिट्ट्या पडल्या असत्या. त्यांनी ते केलं नाही. न करणं हेही नटाचं काम असतं, आणि ते सोपं नसतं.

याच ठिकाणी दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे. १९८४ साली ‘पार’ या सिनेमात नसीरुद्दीन शहांनी बिहारातला दलित शेतमजूर केला. पोटासाठी डुकरांचा कळप नदीपार नेणारा माणूस. त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि व्हेनिसला सर्वोत्कृष्ट नटाचा मानही मिळाला. काम तोलामोलाचं होतं, आमची तक्रार नाही. बरोबर तीस वर्षांनी त्याच व्हेनिसला ‘कोर्ट’ गेला. आता दलित माणूस स्वतः दलित शाहिराच्या भूमिकेत होता. या वेळी बक्षीस सिनेमाला मिळालं. आमचं दुःख दुसऱ्यानं अंगावर चढवलं की अभिनय, आम्ही अंगावर वागवलं की वास्तव. ही फूटपट्टी कुणी बनवली, हे विचारायचं की नाही?

दुसरं तोंड म्हणतं, “जात काढू नका. ‘फँड्री’च्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाच की. ‘सैराट’च्या रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख झालाच की.” खरं आहे. नाकारायचं कारण नाही, आम्ही तेव्हा नाचलो होतो. पण पोराचं नैसर्गिक असणं सगळ्यांना गोड वाटतं. गाणं लिहिणाऱ्या, सवाल करणाऱ्या, केस पिकलेल्या कार्यकर्त्याचं नैसर्गिक असणं गोड वाटत नाही. आणि हेही लक्षात ठेवा, की त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार कानडी नट संचारी विजय यांना ‘नानु अवनल्ल अवळु’साठी मिळाला. लिव्हिंग स्माईल विद्या या दलित ट्रान्स बाईच्या आत्मकथेवरचा तो सिनेमा. संचारी विजय मेहनती नट होता, २०२१ मध्ये अपघातात गेला. त्याच्याशी आमचं भांडण असूच शकत नाही. भांडण आहे ते समजुतीशी, की आपल्यापासून जितकं लांब जाल तितका अभिनय मोठा.

तिसरं तोंड जास्त शहाणं. ते म्हणतं, “कांबळे हा नायकच नाही. कॅमेरा वकिलाच्या घरी जातो, सरकारी वकील बाईच्या स्वयंपाकघरात जातो, जज्जाच्या सहलीला जातो. कांबळे तर मधेच गायब होतो.” हे मात्र बरोबर टिपलं आहे. सिनेमा असाच रचलेला आहे. कोर्टाच्या लेखी आरोपी म्हणजे फायलीवरचं नाव. तारीख पडते, जज्ज सुट्टीवर जातो, आरोपी कुठंतरी सडतो. दिग्दर्शकानं हे दाखवलं. पण कोर्ट आरोपीला विसरतं हे दाखवणाऱ्या सिनेमातून बाहेर पडून प्रेक्षकानंही आरोपीला विसरावं? बक्षीस देणाऱ्यांनीही? मग पडद्यावरच्या कोर्टात आणि पडद्याबाहेरच्या कोर्टात फरक काय राहिला? ज्याच्याविना खटला नाही, त्याच्याविना सिनेमा नाही. नायक म्हणजे जास्त मिनिटं दिसणारा, हा हिशेब थेटरवाल्याचा असेल. आपला नसावा.

चौथं तोंड आपल्याच तंबूतलं. “सरकारचं बक्षीस पायजे कुणाला? ज्या सरकारनं शाहीर आत टाकले त्याच्या हातून पदक घ्यायचं?” साथी, राग समजतो. पदकासाठी आम्हीही रांगेत नाही. पण नोंद आणि भीक यांत फरक आहे. आमची नोंदच होत नाही म्हणून तर आमची माणसं दोनदा मरतात.

मागचं आठवा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. ते बघून शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. त्या आत्महत्येला प्रवृत्त केलं म्हणून कुणावर ३०६ लागलं? सिनेमात गाण्यानं माणूस मरतो असं सरकार म्हणतं, बाहेर गोळीनं शाहीर मरतो तेव्हा सरकार गप्प. ‘विद्रोही’चेच सुधीर ढवळे जानेवारी २०११ मध्ये उचलले गेले, चाळीस महिने आत काढून मे २०१४ मध्ये निर्दोष सुटले. जून २०१८ मध्ये पुन्हा अटक, जामीन जानेवारी २०२५ मध्ये. सिनेमात कांबळे जामिनावर सुटतो आणि पुन्हा यूएपीएखाली आत जातो, त्याला कुणी कल्पनाविलास म्हणू नये.

आणि वासुदेव पवार? त्याची विधवा साक्षीत सांगते, की गटारात उतरायच्या आधी तो दगड टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे म्हणून उतरायचा. ना मुखवटा, ना हातमोजे. हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदीचा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं मार्च २०१४ मध्ये सांगितलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केले. मरणाचा भाव वाढला. झुरळांचा भरवसा काही सुटला नाही.

वीरा साथीदार १३ एप्रिल २०२१ ला नागपुरात कोरोनानं गेले. दुसऱ्या दिवशी भीमजयंती होती. गेल्यावर सगळ्या पेपरांनी लिहिलं, ‘कोर्ट’चा नट गेला. बघा, मेल्यावर नट झाले!

हे आता थांबलं पाहिजे. या अंकापासून आम्ही दोन पानं राखून ठेवतो आहोत. तुमच्या वस्तीत जो शाहीर आहे, ढोलकीवाला आहे, पथनाट्यात काम करणारी बाई आहे, तिच्याबद्दल लिहून पाठवा. ती कशी उभी राहते, आवाज कुठं सोडते, कुठं गिळते, ते लिहा. शुद्धलेखनाची भीती बाळगू नका. नुसतं ‘महान, क्रांतिकारी’ लिहिलंत तर छापणार नाही. काम बघा आणि काम लिहा. आणि माणूस जिवंत असताना लिहा.

जय भीम.