चहाच्या कपात औषध शोधणाऱ्यांना

मंडळी, आज जरा रागातच लिहायला बसले आहे. आमच्या नात्यातल्या काही जणांना हे टोचेल. टोचू दे.

गेल्या महिन्यात आमच्या नातवाला एडीएचडी असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. वय नऊ, वजन पंचवीस किलो. दुसऱ्याच दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर मजकूर आला: चहात थियानिन नावाचं नैसर्गिक द्रव्य असतं, त्यानं मुलांचं लक्ष लागतं, मग गोळ्यांचं विष कशाला? पाठोपाठ फोन. "सूनबाईंना सांगा, सहा महिने चहा देऊन बघा, डॉक्टरचं नंतर पाहू." मुलगा आणि सून दोघंही चाकणला कारखान्यात, कधी सकाळची पाळी तर कधी रात्रीची. दमलेल्या माणसाला सोपा उपाय लगेच पटतो. त्यांनाही पटू लागला, म्हणून हा खटाटोप.

खरं आहे तेवढं आधी कबूल करते. थियानिन ही थाप नाही. १९४९ साली जपानमध्ये चहाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं. २०११ मध्ये कॅनडातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एडीएचडी असलेल्या ९८ मुलग्यांपैकी काहींना सहा आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम शुद्ध थियानिन दिलं, बाकीच्यांना खोट्या गोळ्या. फायदा दिसला तो झोपेत. २०२० मध्ये दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात थियानिन आणि कॅफीन एकत्र दिल्यावर चाचण्यांत सुधारणा दिसली, पण नुसतं कॅफीन दिलं तेव्हा मुलांचा स्वतःवरचा आवर कमी झाला. आणि मुलं किती होती? पाच! माझ्या वर्गात एका बाकावर तिघं बसायची. म्हणजे दोन बाकंही भरली नाहीत.

आता शाळेतलं साधं गणित करू. एका कपात थियानिन २५ मिलिग्रॅम धरा, हे मी सढळ हातानं धरते आहे. ४०० मिलिग्रॅमसाठी कप लागतील सोळा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका सांगते की एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि दिवसाला ३०० च्या वर जाऊ नये. सोळा कपांत कमीत कमी ४८० झालं! नऊ वर्षांच्या पोराला? त्या रात्री झोप कुणाची उडणार, ते सांगायला नको.

"पण नैसर्गिक आहे ना!" अहो, आपण पिंपरीत राहतो. १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आपल्याच गावात. पेनिसिलीन बुरशीपासून मिळतं, म्हणजे तेही नैसर्गिकच. म्हणून कुणी न्यूमोनियाच्या रोग्याला बुरसलेला पाव चारला का? बुरशीतून औषध वेगळं काढलं, शुद्ध केलं, मोजून कुपीत भरलं, तेव्हा माणसं वाचली. औषधाचं औषधपण मोजमापात असतं. आपल्या पातेल्यात कुठलं आलंय मोजमाप? दूध, साखर, आलं आणि अंदाजपंचे पत्ती.

आणखी एक. चहातली टॅनिन जेवणातलं लोह नीट अंगी लागू देत नाहीत. म्हणून तीच मार्गदर्शिका जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा टाळायला सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ६७ मुलांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेलं मूल आधीच मरगळलेलं असतं, त्याचं लक्ष कुठून लागणार? आणि आपण त्याच्या पोळीसोबत चहा ठेवतो!

हा राग नुसता नातेवाइकांवर नाही, स्वतःवरही आहे. १९८८ साली भोसरीत माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. सारखा खिडकीबाहेर बघायचा, वही हरवायचा, उत्तर मात्र कधीकधी सगळ्यांच्या आधी द्यायचा. सकाळी चहा-खारी खाऊन यायचा. एडीएचडी हा शब्द मला ठाऊक नव्हता. 'वांड' आणि 'धांदरट' एवढेच ठाऊक होते. मी त्याला बाकावर उभं केलं, प्रगतिपुस्तकात लाल शाईनं 'लक्ष नाही' लिहिलं. आठवीत त्यानं शाळा सोडली. मला तेव्हा कळत नव्हतं. आज कळतंय, म्हणून सहा महिने वाया घालवायला माझी तयारी नाही.

नातवाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. आईबापांना शिकवणं, वर्गात पुढचा बाक, अभ्यासाचे छोटे तुकडे, आणि गरज पडली तर गोळी, तीही मोजून. गोळीला विष म्हणणाऱ्यांनी आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवाव्यात.

असो. गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं आहे, मीही सोबत जाणार. ज्यांना खरंच मदत करायची आहे त्यांनी पुढचे मजकूर पाठवू नयेत. आईबाप पाळीवर असतील त्या संध्याकाळी घरी यावं, अर्धा तास पोराशेजारी बसून त्याचा गृहपाठ करून घ्यावा. चहा मी टाकीन. मोठ्यांसाठी.