बोर्ड जळला म्हणून मशीन भंगारात का?

वॉशिंग मशीनच्या दर्शनी भागावर एक गोल चकचकीत स्टिकर असतो : मोटरवर १० वर्षं वॉरंटी. दुकानात गिऱ्हाइकाची नजर आधी त्याच्यावर जाते आणि सेल्समनही बोट तिथंच ठेवतो. आमच्या मशीनवरही तो होता. सात वर्षं झाल्यावर मशीन बंद पडलं, तेव्हा मोटर ठणठणीत होती. जळला तो बोर्ड, ज्याला सगळे पीसीबी म्हणतात. त्याची वॉरंटी कधीच संपली होती. कंपनीच्या सेवाकेंद्राचं उत्तर आलं की हे मॉडेल आता बनत नाही, बोर्ड मिळणार नाही, एक्स्चेंजमध्ये नवं घ्या.

माझी नोकरी एसटीच्या कार्यशाळांत झाली, निवृत्त झालो तो दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून. तिथं स्टार्टर जळला म्हणून गाडी मोडीत काढा, असं कुणी म्हणालं असतं तर त्याला फोरमननं उभं केलं नसतं. इंजिन असो, गिअरबॉक्स असो की अल्टरनेटर. उतरवायचं, खोलायचं, झिजलेला भाग बदलायचा, तपासून घ्यायचं आणि पुन्हा गाडीवर चढवायचं. गाडीचं वय होतंच, पण ते ठरवायचे नियम असतात आणि कागदावर सही करणारा माणूस असतो. घरातल्या यंत्राचं वय मात्र कंपनीच्या गोदामात एक भाग संपला की संपतं. ते कुणी ठरवलं हे विचारायला जागा नाही. हे मला मान्य नाही. जो यंत्र विकतो त्यानं ते किती वर्षं दुरुस्त होऊ शकेल आणि त्याचे मुख्य भाग किती रुपयांना मिळतील, हे विकतानाच खोक्यावर छापलं पाहिजे, आणि छापलेलं पाळणं कायद्यानं बंधनकारक झालं पाहिजे.

आमचं मशीन पावसाळ्यात गेलं. चिंचवडला त्या दिवशी वीज सारखी येत-जात होती. संध्याकाळी मशीनचं बटण दाबलं तर पॅनेलवर एकही दिवा लागेना. सेवाकेंद्रातून आलेला मुलगा चांगला होता. त्यानं वरचं झाकण काढलं, मीटर लावून बघितलं आणि सांगितलं, ‘‘काका, बोर्ड गेलाय.’’ मग फोनमधल्या अ‍ॅपवर मॉडेलचा नंबर टाकला. साठा शून्य. बोर्ड असता तर साधारण नऊ हजार, वर मजुरी आणि जीएसटी, असं त्यानं सांगितलं आणि भेटीचे पैसे घेतले. तो निघायच्या आत माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या मशीनच्या ऑफर येऊन पडल्या होत्या. दुरुस्ती करायला आलेल्या माणसाकडून कंपनी विक्री करून घेते. जाता जाता तोच म्हणाला की एएमसी किती विकल्या आणि मशीन साफ करायची पावडर किती खपवली, यावर त्याचा महिना ठरतो. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

बोर्ड काढून मी तपकीर गल्लीत गेलो. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना ही गल्ली सांगायला नको. बुधवार पेठेतल्या त्या बोळात रेझिस्टरपासून स्पीकरपर्यंत सगळं मिळतं. तिथून एका जिन्यावर बोर्ड दुरुस्त करणाऱ्याची छोटी खोली आहे. त्यानं बोर्ड दिव्याखाली धरला. तळहाताहून थोडा मोठा, प्लॅस्टिकच्या उथळ ट्रेमध्ये बसवलेला आणि वरून पारदर्शक चिकट थराखाली बुडवलेला. हा थर ओलाव्यापासून, झुरळं-पालींपासून वाचवायला ओततात. त्यात गैर काही नाही. पण त्याच थरामुळे एकही भाग सरळ सुटा निघत नाही. त्यानं गरम हवेनं थर मऊ केला आणि टोकदार चिमट्यानं कणाकणानं खरवडला. खाली जिथं वीज आत शिरते तिथं निळी चकती मधोमध फुटलेली होती. ती व्हॅरिस्टर. दाब अचानक वाढला तर स्वतः मरून बाकीच्यांना वाचवायचं हे तिचं काम. शेजारचा फ्यूज उडालेला, पॉवर सप्लायची चिप जळलेली आणि तांब्याची एक वाट कोळसा झालेली. नाकाजवळ नेलं तर भाजल्याचा वास अजून येत होता.

हे सगळं दोन-अडीचशे रुपयांचं सामान आहे, असं तो म्हणाला, आणि त्यानं ते बदललंही. वीज आली, पण बोर्ड बोलेना. दाबाचा झटका पुढं मुख्य चिपपर्यंत गेला होता. आता मुद्दा इथं आहे. ती चिप बाजारात मिळते. पण बाजारातली चिप कोरी असते. पाणी कधी घ्यायचं, ड्रम किती वेगानं फिरवायचा, दार कधी सोडायचं हा सगळा प्रोग्रॅम कंपनीनं तिच्यात भरलेला असतो आणि तो कंपनीबाहेर कुणाकडे नसतो. हाताला कितीही कसब असलं तरी इथं रस्ता बंद होतो. त्या माणसानं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. ‘‘काम झालं नाही तर कसले पैसे,’’ म्हणाला.

अशी माणसं अजून आपल्याकडे आहेत, हे आपलं बळ आहे. परदेशात दुरुस्ती महाग पडते कारण माणसाचा तास महाग असतो. आपल्याकडे माणूस आहे, त्याचा हात आहे, त्याची मजुरी परवडते. अडतं ते भाग आणि माहिती यांच्यापाशी. मिक्सरचं बघा. मिक्सरचा कपलर तुटला, कार्बन ब्रश झिजले, भांड्याचा बुश गळायला लागला तर कोपऱ्यावरचा दुकानदार काही मिनिटांत काम करून देतो, कारण ते भाग कुठंही मिळतात आणि बसवायला कुणाची परवानगी लागत नाही. मिक्सरचा आपल्याकडचा इतिहासही दुरुस्तीतूनच सुरू झाला आहे. सत्यप्रकाश माथुर या मुंबईतल्या इंजिनिअरच्या पत्नीचा, माधुरीबाईंचा, जर्मन मिक्सर बिघडला आणि इथं तो दुरुस्त होईना. त्यातून १९६०च्या दशकात आपल्या चटणीला, आपल्या वाटणाला पुरून उरेल असा ‘सुमीत’ मिक्सर तयार झाला.

मशीन बंद पडलं की घरात कुणावर काय येतं, हे दुरुस्तीच्या चर्चेत कधी येत नाही. आमच्या धुण्याभांड्याच्या मावशींनी रोजचे कपडे धुवायची तयारी दाखवली, पण चादरी-बेडशीट त्यांनी का घासाव्यात? त्यांचेही गुडघे दुखतात. पत्नीचा उजवा खांदा आखडलेला. डॉक्टरांनी पिळणं, उचलणं बंद सांगितलेलं. तरी बादलीत कपडे भिजवले की बाईचा हात आपोआप तिकडं जातो. पावसात न पिळलेले कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात, त्यांना वास सुटतो, मग ते पुन्हा धुवायचे. जाड चादरीची दोन टोकं आम्ही दोघांनी धरून पिळली तेव्हा तिच्या तोंडून जो ‘‘आई गं’’ निघाला, तो ऐकल्यावर मी वाट बघणं थांबवलं. कंपन्यांना हे नेमकं ठाऊक असतं. भाग मिळायला महिना लागेल असं सांगितलं की घरातलं माणूस महिनाभर थांबू शकत नाही. माणूस दुकानात जातो.

दुकानातही गोष्ट सोपी नाही. आमच्या ड्राय बाल्कनीत मशीनसाठी ओट्याखाली मोजून जागा ठेवलेली आहे. जुनं तिच्यात बसत होतं. आता त्या खोलीचं, त्या किमतीतलं मशीन मिळेना. जे मिळालं त्याच्यासाठी ग्रॅनाइट कापायचा की मशीन पुढं काढून दार अर्धं उघडं ठेवायचं, एवढाच पर्याय राहिला. ग्रॅनाइट कापला. सेल्समनला मी विचारलं, ‘‘याचा बोर्ड केवढ्याला पडतो?’’ त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं कुणाला तरी फोन केला. उत्तर मिळालं नाही, पण वाढीव वॉरंटीचा दर मात्र दोघांच्याही तोंडावर होता. माझ्या मते सगळा प्रकार या एका गोष्टीत दिसतो. तेहतीस हजारांच्या वस्तूचा सगळ्यात आधी जळणारा भाग केवढ्याचा आहे, हे विकणाऱ्याला माहीत नाही आणि विकत घेणाऱ्याला कळायचा मार्ग नाही.

मशीन घरी पोचवणारे वेगळे, बसवणारे वेगळे. पोचवणारे खोकं ठेवून गेले आणि ‘डेमोवाला येईपर्यंत उघडू नका, वॉरंटी जाईल’ असं बजावून गेले. डेमोवाला दोन दिवसांनी आला. मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे आणि पाण्याचा पाइप जोडायचा, एवढं काम. पाइप जुन्या नळाला बसत नव्हता, अ‍ॅडॉप्टरचे पैसे वेगळे, स्टँडचे वेगळे. मी एवढी वर्षं पाना हातात धरलेला माणूस; ते बोल्ट मी चहा उकळेपर्यंत काढले असते. पण काढले तर वॉरंटीला हात लागायची भीती. आपल्या पैशांची वस्तू आपल्या घरात बंद खोक्यात ठेवून बसायचं आणि बादलीत धुणं चालू ठेवायचं.

जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये दीड हजाराला गेलं. दोन पोरांनी ते जिन्यावरून उतरवलं. फ्रंट लोड मशीन एवढं जड का असतं, तर आत काँक्रीटचे ठोकळे असतात, ड्रम फिरताना मशीन हलू नये म्हणून. तेवढं वजन त्यांनी पाठीवर पेललं. टेम्पोत ठेवताना दार उघडलं आणि आतला स्टीलचा ड्रम दिसला : एक ओरखडा नाही. मोटर चांगली, बेअरिंग चांगलं, पंप चांगला, दाराचं रबर आम्ही दोन वर्षांपूर्वीच बदललेलं. हे कुठं नेणार, असं विचारलं तर पोरगा म्हणाला, ‘‘गोडाऊनला.’’ गोडाऊनच्या पुढचं त्याला माहीत नव्हतं. केंद्राचे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वॉशिंग मशीन त्यांत येतं, आणि उत्पादकावर जबाबदारी आहे ती कचरा नोंदणीकृत ठिकाणी मोडून त्यातला धातू परत मिळवण्याची. जुनी वस्तू नीट करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही या नियमांत जागा दिली आहे. चांगली गोष्ट आहे. पण मोडण्याआधी जोडायची सोय हवी.

नवं मशीन वीज वाचवतं, असं मला दुकानात सांगण्यात आलं. जुन्या फ्रिजबद्दल हे म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे, कारण फ्रिज चोवीस तास चालतो. फ्रंट लोड वॉशिंग मशीनमध्ये विजेचा मोठा वाटा पाणी तापवण्यात जातो. आपल्याकडे बहुतेक धुणं गार पाण्यातच होतं, त्यामुळे सात वर्षांचं मशीन बदलून वाचणारी वीज फारशी नाही.

युरोपीय संघानं मार्च २०२१ पासून नियम लागू केला आहे की वॉशिंग मशीनचं एखादं मॉडेल बाजारात यायचं थांबलं, तरी शेवटचं मशीन विकायला आल्यापासून पुढची किमान १० वर्षं त्याचे ठरावीक भाग मिळालेच पाहिजेत. त्या यादीत मोटर, पंप, ड्रम, बेअरिंग आहेत आणि बोर्डही आहे. मागणी केल्यावर भाग १५ कामकाजाच्या दिवसांत पोचला पाहिजे. यादीत सॉफ्टवेअरचाही उल्लेख आहे. फ्रान्सनं त्याच वर्षी काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लावले. त्यात भाग मिळतात का, आणि वस्तूच्या किमतीच्या मानानं ते केवढ्याला पडतात, यालाही गुण आहेत. कंपन्या तिथं हे पाळू शकतात, तर इथं का नाही?

आपल्याकडे सुरुवात झाली आहे, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक कसा असावा यावर दुसऱ्या समितीनं मे २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात आधी विचार झाला तो मोबाइल आणि टॅब्लेटचा. मोबाइल महत्त्वाचा आहेच. पण पोर्टलवर कंपनीनं सेवाकेंद्राचा पत्ता टाकला म्हणजे बोर्ड मिळत नाही. मोबाइल बिघडला तर जुना एखादा आठवडाभर चालवता येतो. मशीन बंद पडलं की त्याच संध्याकाळी कुणाचा तरी खांदा कामाला लागतो. पुढच्या यादीत वॉशिंग मशीन आणि फ्रिज पहिले आले पाहिजेत.

तोवर नव्या खरेदीत निदान एवढं करता येईल : मॉडेल आणि सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवावा, वॉरंटीच्या कार्डावर बोर्डासमोर किती वर्षं लिहिली आहेत ते बिल करण्याआधी वाचावं, आणि अडवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच आयोगाकडे जाता येतं, आणि वस्तू पाच लाखांच्या आतली असेल तर तक्रारीला शुल्क पडत नाही.

ग्राहक व्यवहार विभागाला मी लेखी कळवलं आहे. खोक्यावर भागांची वर्षं आणि किमती छापण्याची मागणी त्यात आहेच. दुसरी मागणी मला तिच्याइतकीच महत्त्वाची वाटते. मॉडेल बंद करायचं तर कंपनीनं खुशाल करावं, पण त्या दिवशी त्या बोर्डाचा नकाशा आणि चिपमधला प्रोग्रॅम बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना खुला करावा. मग तपकीर गल्लीतला तो माणूस कोरी चिप घेईल, प्रोग्रॅम भरेल आणि चारशे रुपयांत मशीन चालू करून देईल.