आधी रजा, मग रूट!

बॅकपॅकिंगचा विषय निघाला की ऑफिसच्या कँटीनमध्ये एक प्रश्न हमखास येतो, 'सीझन कधीचा?' सध्या आमच्या ग्रुपमध्ये व्हिएतनामची हवा आहे. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, बजेटही आवाक्यातलं. पण 'बेस्ट टाइम' शोधायला बसलं की घोळ सुरू!

कारण व्हिएतनामला एक सीझन नाहीच. देश उत्तर-दक्षिण लांबलचक. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा रेल्वेमार्गच १,७२६ किलोमीटरचा! डिसेंबरात वर स्वेटर, तर खाली घामाच्या धारा.

आता आपल्या रजेचं गणित. सलग आठ-दहा दिवस जमतात ते बहुधा दिवाळीत. (आईचा चेहरा पडतो, तो भाग वेगळा.) आणि नेमका तेव्हाच हुए, दा नांग, होई आन या मधल्या पट्ट्यात तुफान पाऊस असतो. ईशान्येचे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि डोंगरांना धडकतात. चेन्नईला झोडपणारा पाऊस याच दिवसांतला. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस होई आनच्या जुन्या शहरात पुराचं पाणी शिरलं होतं.

मग दिवाळीचा प्लॅन कॅन्सल? मुळीच नाही! मधला पट्टा गाळा आणि उत्तरेतच फिरा. हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग बे... तिथे तेव्हा हवा मस्त कोरडी असते.

ख्रिसमसची रजा मिळतेय? दक्षिण गाठा. मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, फू क्वोक बेट, सगळं कोरडं.

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जाणार असाल, तर 'तेत'ची तारीख आधी बघा. ही त्यांची दिवाळीच समजा. सगळा देश गावी निघतो, बस-ट्रेन फुल्ल आणि दुकानं बंद.

उत्तर, मध्य, दक्षिण एकाच फेरीत करायचंय? मग एप्रिल. मार्च एंडिंग आटपलेलं असतं, बॉसचा मूडही बरा असतो! फक्त ३० एप्रिल आणि १ मे ही त्यांची जोडसुट्टी टाळा, गर्दी उसळते.

जुलै-ऑगस्टमध्ये मधल्या पट्ट्यातले बीच कोरडे असतात, पण ऊन रणरणतं. उत्तरेत तेव्हा वादळाची भीती. वादळ आलं की हा लाँग बेच्या बोटी बंद.

माझी एक मैत्रीण तीन वर्षं 'परफेक्ट' महिन्याची वाट बघतेय. तेवढ्या काळात तिच्या कितीतरी रजा लॅप्स झाल्या. माझ्यासारख्या फ्रीलान्सरची सगळीच रजा बिनपगारी, त्यामुळे मला ते जास्तच लागतं.

तेव्हा मंडळी, रजा कधी मिळते ते आधी बघा आणि त्या महिन्यात जो भाग छान असेल तो निवडा. उरलेला व्हिएतनाम कुठे पळून जात नाही. रजा मात्र जाते!